प्रोफाइल कोण सांभाळतं

“काका, तुझं लग्न का होत नाही?”

प्रश्न माझा नव्हता. आफरीन आणि प्रांजल या माझ्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणींनी पैज मारली होती, की धनाकाकाला हे तोंडावर विचारायची माझी छाती होणार नाही. आता त्या दोघी शेजारच्या रसवंतीच्या पडद्याआड उभ्या राहून, तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या.

काका मोटरचे वेढे घालत होता. विट्यात जुन्या स्टँडच्या मागं त्याचं रिवायंडिंगचं दुकान होतं. तालुक्यातल्या जळालेल्या मोटरी त्याच्याकडं यायच्या आणि पोटात नवी तार घेऊन परत जायच्या. वेढे घालताना तो कुणाशी बोलत नसे, आकडा चुकतो म्हणून. त्यानं एक बोट वर केलं, थांब म्हणून. हातातला थर पुरा केला आणि मग माझ्याकडं बघितलं.

“विट्यात हे विचारायची तू एकटीच राहिली होतीस बघ. झालं, आता कुणी उरलं नाही.”

“सांग की पण.”

“मुलीकडची माणसं विचारतात, पुण्यात फ्लॅट आहे का. मी म्हणतो, विट्यात दुकान आहे. ती म्हणतात, कळवतो.” त्यानं तार तोडली. “कळवतायत अजून.”

पडद्याआडून फिस्सकन हसू आलं. पैज मी जिंकले होते, तिथूनच घरी जायला पाहिजे होतं. पण माझ्या तोंडाला तेव्हा लगाम नव्हता. मी नववीत होते आणि त्याच महिन्यात तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. आदल्या वर्षापर्यंत मी वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर मान खाली घालून बसायचे, आणि आता मुख्याध्यापक मला प्रार्थनेनंतर पुढं बोलावून म्हणत होते, ‘ही आपली ईश्वरी मुळीक!’ बोलून सुटत नाही अशी अडचण जगात असते, हे मला तेव्हा कुणी पटवूनच दिलं नसतं.

“मी जमवते तुझं,” मी म्हणाले. “ॲपवर.”

“तू आधी बीजगणित जमव,” काका म्हणाला. पण फोन त्यानं खिशातून काढून माझ्या हातात दिला.

पहिलं ॲप आफरीननं सुचवलं. तिच्या पुण्याच्या चुलतबहिणीकडं होतं म्हणे. त्यात एकेका बाईचा फोटो समोर येतो. पसंत असेल तर बोटानं उजवीकडं सारायचा, नसेल तर डावीकडं. आम्ही तिघी काकाच्या बाकड्याभोवती गोळा झालो.

“डावीकडं सारलं की काय होतं?” काकानं विचारलं.

“जाते ती. परत दिसत नाही.”

“आणि तिला कळतं?”

“नाही रे.”

“तरी पण. ओळख ना पाळख, नको कशाला म्हणायचं कुणाला?” असं म्हणून त्यानं येईल तिला उजवीकडं सारलं. एकीच्या फोटोत नुसतं मांजर होतं, तिलाही सारलं. शेवटी ॲपच दमलं आणि म्हणालं, आजच्यापुरतं पुरे, आणखी हवं असेल तर पैसे भरा.

“ह्या माणसाला इथं ठेवणं धोक्याचं आहे,” प्रांजलनं निकाल दिला, आणि आम्ही ते काढून टाकलं.

दुसरं मोठं होतं, खास लग्नाचं. त्यानं आधी जात विचारली, मग पोटजात, मग वार्षिक पॅकेज, मग नाडी, मग रंग. रंगाचे पर्याय वाचून आफरीन म्हणाली, “ही माणसं नवरा शोधतायत का डिस्टेंपर?” दुसऱ्या दिवसापासून काकाला त्यांच्या ऑफिसातल्या एका मुलीचे फोन यायला लागले, सर, गोल्ड मेंबर व्हा ना. काका तिच्याशी इतक्या अदबीनं बोलायचा, की पुढंपुढं तीच विचारायला लागली, जेवण झालं का सर. तेही काढलं.

तिसरं मी शोधलं, पेपरच्या पुरवणीत वाचून. लहानसं, फारसं कुणाला माहीत नसलेलं. त्यात फोटो शेवटी. आधी एकमेकांना लिहायचं, विचारायचं, सांगायचं. काही दिवस बोलणं झालं की मग दोघांनी मिळून फोटो उघडायचे.

“हे बरं आहे,” काका म्हणाला. “आधी बोलणं, मग तोंड.”

“तुला बोलायला येतं?”

“नाही,” काका म्हणाला. “पण बरं आहे.”

माहिती भरता भरता एक रकाना आला. हे प्रोफाइल कोण सांभाळतं? स्वतः, आई-वडील, भाऊ-बहीण, इतर नातेवाईक. आमच्याकडं लग्नाचं कुणी स्वतः बोलतच नाही. बायोडेटा मामा लिहितो, खाली फोन नंबर चुलत्याचा असतो, होकार-नकार आत्या कळवते आणि नवऱ्यामुलानं फक्त दाढी करून यायचं असतं. त्यामुळं माझं बोट आपोआप ‘इतर नातेवाईक’वर गेलं होतं. पण खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की स्वतः सांभाळलेल्या प्रोफाइलला जास्त उत्तरं येतात.

“स्वतः टाकू?” मी विचारलं.

“फोन तर माझाच आहे,” काका म्हणाला.

मी टिचकी मारली. आता मी बारावीत आहे, प्रवेशाचे आणि परीक्षांचे कितीतरी फॉर्म भरून झाले, पण ‘स्वतः’ हा शब्द आला की अजून माझं बोट थबकतं.

फलटणच्या जयमाला भोईटे आम्हाला तिथं भेटल्या. दुधाच्या डेअरीत, प्रयोगशाळेत नोकरीला. गावोगावच्या कॅनमधलं फॅट आणि पाणी तपासायच्या. काकापेक्षा एखाद-दुसऱ्या वर्षानं लहान, घटस्फोटित. हे मी काकाला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “मग? मोटरी पण मी जळालेल्याच घेतो.” आणि लगेच त्याचा चेहरा पडला. “ए, हे लिहू नकोस हं.”

नाही लिहिलं. मी लिहिलं, ‘दुधात पाणी घातलंय हे माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखता येतं का?’

थोड्या वेळात उत्तर आलं. ‘सगळे पगार विचारतात. दुधाचं विचारणारे तुम्ही पहिले. हो, येतं. पाणी घातलेला माणूस कॅन ठेवताना फार बोलतो.’

काका इतका हसला, की हातातली तार सुटली. “हुशार आहे बाई.”

“काय लिहू?”

“लिही की... बरं, म्हणून.”

बरं! मी कपाळाला हात लावला आणि माझ्या मनानं लिहिलं. सुरुवातीला मी प्रत्येक गोष्ट त्याला विचारायचे. काका, त्या विचारतायत, तुम्हाला कशात आनंद वाटतो? तो बराच वेळ विचार करायचा आणि म्हणायचा, “दुरुस्त झालेली मोटर पहिल्यांदा घूं करते ना, तेव्हा.” त्याला मी चार वाक्यांची झालर लावून पाठवायचे. मग कधी त्याचे वेढे चालू असायचे, कधी समोर गिऱ्हाईक असायचं, आणि हळूहळू मी विचारायचंच सोडलं. शाळा सुटली की दुकानात जायचं, फोन घ्यायचा, मागच्या स्टुलावर बसायचं. संध्याकाळी काका विचारायचा, “काय म्हणतायत?” मी म्हणायचे, “मजेत आहेत. तुला नमस्कार सांगितलाय.” तो फडक्याला हात पुसून त्या फोनकडं बघून हसायचा, जणू फोनमधून त्या बघतायत.

आणि मलाही त्या आवडायला लागल्या होत्या. माझ्या एकूण एका विनोदाला हसायच्या. शाळेतल्या टाळ्या एका दिवसापुरत्या होत्या. इथं रोज मिळत होत्या.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी फोन उघडला, तर भला मोठा मजकूर. त्यात विनोद नव्हता. पहिल्या लग्नात त्यांना पाचवा महिना लागला होता आणि ते मूल गेलं. सासरी पुन्हा कुणी त्याचा विषय काढला नाही. नवरा दुसऱ्या दिवशी कामावर गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर सासूनं एवढंच विचारलं, की आता डेअरीत कधीपासून जाणार. शेवटी लिहिलं होतं, ‘हे मी आईलाही पुरतं सांगितलेलं नाही. फोटो उघडायच्या आधी तुम्हाला सांगावं असं वाटलं. तुम्हाला पुढं बोलायला नको वाटलं, तर तसं लिहा. मला राग यायचा नाही.’

काका तिथंच होता, माझ्यासमोर, चार हातांवर. मी त्याला हाक मारली नाही.

मला त्यातलं काय कळत होतं? पण मला भाषण येत होतं. ‘स्त्री: काल, आज आणि उद्या’, तालुक्यात पहिलं. त्याच्या शेवटच्या परिच्छेदाला मी आवाज खाली आणायचे, आणि परीक्षक बाईंनी तिथं चष्मा काढून डोळे पुसले होते. तो परिच्छेद मी थोडा इकडंतिकडं करून, मध्येमध्ये ‘तुम्ही’ घालून, उतरवला आणि पाठवून दिला.

उत्तर आलं, ‘आज खूप दिवसांनी रडले. असं समजून घेणारा माणूस असतो, हे माहीत नव्हतं. फोटो उघडूया.’

मी उडालेच. “काका, आलेच मी!” असं ओरडून त्याचा फोन घेऊन आफरीनच्या घरी पळाले. प्रांजल तिथंच होती. गच्चीवर पापड वाळत घातले होते, त्यांच्याकडेला बसून मी दोघींना माझं उत्तर वाचून दाखवलं.

“भारीच की गं,” प्रांजल म्हणाली. “पण हे कशाला उत्तर आहे?”

म्हणून मग त्यांचा मजकूरही वाचला. अगदी आवाज खाली आणून, जिथं थांबायचं तिथं थांबून. संपल्यावर मी टाळीसाठी हात पुढं केला.

आफरीननं टाळी दिली नाही. ती पापडांकडं बघत होती.

“ईशू, हे आपण वाचायला नको होतं.”

“अगं, पण मी किती छान...”

“काकांनी वाचलंय?”

मला तिचा इतका राग आला, की मी चप्पल न घालताच जिना उतरले. मग परत चढून चप्पल घेऊन आले, तेव्हाही ती तशीच बसली होती.

त्या दिवसापासून काका “काय म्हणतायत?” म्हणाला, की मी दुसरीकडं बघायचे. मी म्हणायचे, मजेत आहेत. तो हसायचा. त्याला सांगायचं मी रोज ठरवत होते, आणि रोज त्याच्या हातात वेढे असायचे, किंवा गिऱ्हाईक असायचं, किंवा मला तसं वाटायचं.

फोटो उघडले. दोघं एकमेकांना आवडली. काकानं मान खाली घालून पप्पांना सांगितलं, आणि मग सगळं मोठ्या माणसांच्या हातात गेलं. पप्पा जयमाला भोईटेंच्या भावाशी फोनवर बोलले. मम्मीनं पडदे धुतले. काकानं नवा शर्ट घेतला आणि तो घालून आरशासमोर न जाता माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “बरा आहे का गं?” मी म्हणाले, “हिरो दिसतोस.”

त्या आई आणि भावाला घेऊन विट्याला आल्या. जेवणं झाल्यावर मम्मीनं मागच्या अंगणात शेवग्याखाली दोन खुर्च्या टाकून दोघांना तिथं बसवलं आणि मला चहा घेऊन पाठवलं. जयमाला भोईटे फोटोतल्यापेक्षा बारीक होत्या. बोलताना एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं धरून ठेवायच्या.

“तुम्ही लिहिता तेवढं बोलत नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही,” काका म्हणाला.

“चालेल मला. त्या शनिवारी तुम्ही जे लिहिलंत ना, त्याच्यानंतर आयुष्यभर गप्प बसलात तरी चालेल.” त्यांनी बोटांनी डोळे टिपले. “मी ते रोज वाचते.”

काकानं माझ्याकडं बघितलं. मी ट्रेकडं बघितलं.

“हं,” काका म्हणाला. मग कप त्यांच्यापुढं करून म्हणाला, “चहा घ्या. गार होतोय.”

पाहुणे निघताना येत्या रविवारी सुपारी फोडायची ठरली, म्हणजे लग्न पक्कं. त्यांची गाडी वळली तशी काकानं मला दुकानात नेलं. शटर अर्धंच वर केलं.

“काय लिहिलं होतंस?”

“असंच.”

“तिच्या डोळ्यांत पाणी होतं ईशू. असंच नव्हतं ते.”

मी फोनवर तो शनिवार काढून दिला. काका वाचताना ओळीखाली बोट फिरवतो, सावकाश. त्यांचा मजकूर त्यानं दोनदा वाचला. माझा एकदाच. मग तो स्टुलावर बसला.

“पाचवा महिना,” तो म्हणाला. “आणि मी तिला म्हणालो, चहा घ्या.”

“चुकलं माझं काका.”

“नको वाटलं तर लिहा, असं तिनं विचारलंय. मला विचारलंय. मी काय सांगितलं असतं, ते मला तरी कुठं माहितंय? मला कुणी विचारलंच नाही.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन त्यानं पप्पांना सगळं सांगितलं. पप्पा आधी माझ्याकडं डोळे वटारून बघत राहिले, मग त्याला म्हणाले, “हे आता उकरायचं नाही धना. बायोडेटा कोण स्वतः लिहितं? मी माझ्या लग्नात एक अक्षर लिहिलं नव्हतं. संसार झाला ना?”

“दादा, तिला वाटतंय ते मी लिहिलंय.”

“मग वाटू दे की! वाईट काय वाटतंय तिला? चांगलंच वाटतंय ना?”

“भावजी, इतक्या वर्षांनी जमलंय,” मम्मी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “पोरगी लहान आहे, पोरपण केलं तिनं. सगळं सुरळीत होऊ दे. मग कधीतरी सांगा हसत हसत.”

काकानं पप्पांना कधी उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. तेव्हाही दिलं नाही. उठून दुकानात गेला.

पुढचे दोन दिवस मी दुकानाच्या रस्त्यानं गेलेच नाही. शुक्रवारी शाळा सुटताना तोच फाटकाशी उभा होता. “चल,” म्हणाला. दुकानात त्यानं फोन माझ्यासमोर ठेवला. लिहायच्या जागेत एवढंच होतं: ‘मी धनाजी.’

“दोन दिवस इथंच अडकलोय. याच्यापुढं जाईना. तूच लिही. खरं काय ते सगळं लिही, माझ्या नावानं. तुला येतं.”

मी फोन घेतला आणि लिहायला लागले. काय सांगू, शब्द नुसते धावून आले. पहिलं वाक्य छान जमलं. दुसरं त्याहून छान जमलं. तिसऱ्या वाक्यात मी अंधार आणि पणती आणणार होते, आणि तिथं माझा अंगठा थांबला. मला दिसलं, की हे वाचून त्या परत रडणार. परत त्यांना वाटणार, काय माणूस आहे! आणि त्या माफ करून टाकणार, जो माणूस हे लिहीत नव्हता त्याला.

मी सगळं खोडलं. त्याचं ‘मी धनाजी’ तेवढं ठेवलं.

“काय झालं?” काकानं विचारलं.

“हे लिहून नाही चालणार काका. मी लिहिलं की ते खोटंच होतं. समोर जाऊन सांगते मी.”

त्यानं फोन घेतला, बंद केला, परत उघडला.

“समोर जाऊन सांगितलं तर ती नाही म्हणेल ईशू.”

मला म्हणायचं होतं, नाही म्हणणार. ते म्हणायला मला एक क्षण लागला नसता.

“म्हणेल कदाचित,” मी म्हणाले.

भिंतीवरच्या खिळ्याला तो नवा शर्ट कागदात गुंडाळून टांगलेला होता, रविवारसाठी. काका त्याच्याकडं पाठ करून उभा राहिला. मोटरचं झाकण उचललं, बसवलं, परत उचललं. “मी येतो,” तो शेवटी म्हणाला. “पण दादाला सांगायचं मला जमणार नाही.”

घरी पप्पा बातम्या बघत होते. मम्मी खाली बसून, जयमाला भोईटेंसाठी आणलेल्या साडीला फॉल लावत होती. मी दप्तर पाठीवर तसंच ठेवून दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

“बाजूला हो गं,” पप्पा म्हणाले.

“मी उद्या शाळेत जाणार नाही. फलटणला जाणार आहे.”

मम्मीच्या हातातली सुई थांबली. “फलटणला? आणि काय करायला?”

“त्यांना सांगायला.”

“ईश्वरी,” पप्पा उठून उभे राहिले, “परवा सुपारी आहे. तुला कळतंय का तू काय बोलतेस? त्या पोराचं परत मोडलं तर?”

“कळतंय पप्पा. मोडलं तर ते माझ्यामुळं मोडेल, आणि काकासमोर मला रोज याच घरात वावरायचंय, तेही कळतंय. पण त्या बाईंनी जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते मी वाचलंय. मैत्रिणींना मोठ्यानं वाचून दाखवलंय. उत्तर काकानं नाही, मी दिलंय, भाषणातलं. हे सगळं मी डेअरीत जाऊन, त्यांच्यासमोर उभी राहून सांगणार. काका येतोय बरोबर. माझं झाल्यावर त्याला जे बोलायचं ते तो बोलेल, मी मध्ये एक शब्द घालणार नाही. त्या हाकलून देतील तर देऊ देत. सुपारी फोडायची का नाही, हे त्या खरं कळल्यावर ठरवतील. तुम्ही नको म्हणालात तरी मी जाणार आहे.”